एका झुरक्याला किती वीज लागते?

सप्टेंबर 2019 मध्ये केंद्र सरकारने अध्यादेश काढून ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठा आणि जाहिरात या सगळ्यावर बंदी आणली. पुढच्याच महिन्यात लिथियम-आयन बॅटरीच्या शोधासाठी गुडइनफ, विटिंगहॅम आणि योशिनो यांना नोबेल जाहीर झालं. ई-सिगारेट चालते ती याच बॅटरीवर. बंदी योग्यच आहे, पण बॅटरीत किती शिल्लक उरलंय हे यंत्राला कसं कळतं, हा प्रश्न ई-सिगारेटमध्ये जितका छळतो तितका क्वचितच कुठे छळत असेल.

आधी सोपं गणित. झुरका घेतला की हवेच्या दाबातला फरक सेन्सर टिपतो आणि चिप द्रव तापवणाऱ्या कॉइलला वीज सोडते. 8 वॅटची कॉइल 3 सेकंद तापली तर 24 ज्यूल खर्च होतात. सर्किटमधली गळती धरून 27 म्हणू. बॅटरी 350 मिलीअँपिअर-तास आणि 3.7 व्होल्टची असेल, तर तिच्यात साधारण 4660 ज्यूल मावतात. भागाकार केला की 170च्या आसपास झुरके. पण कुणाचा झुरका एका सेकंदाचा, कुणाचा पाच. त्यामुळे झुरके मोजून भागत नाही, कॉइल किती वेळ आणि किती वॅटवर तापली याची बेरीज ठेवावी लागते. बेरजेत बारीक चुका साचत जातात आणि नुसत्या बेरजेवर विसंबलं तर बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावरच हिशेब नव्याने जुळवता येतो.

मग थेट व्होल्टेज का बघू नये? भरलेला सेल 4.2 व्होल्ट दाखवतो, संपत आलेला 3.2च्या आसपास. अडचण मधल्या टप्प्यात आहे. तिथे चार्ज निम्म्याने उतरला तरी व्होल्टेज जेमतेम हलतं. शिवाय लोड पडला, म्हणजे सेलमधून प्रवाह ओढला गेला, की ते आणखीच फसवतं.

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला गावदेवीजवळ मोबाइल दुरुस्तीवाल्या एका काकांनी हे मला करूनच दाखवलं. जुन्या ब्लूटूथ स्पीकरमधून काढलेला सेल त्यांनी मल्टिमीटरला लावला: 3.84. मग सेलच्या दोन टोकांना एक ओहमचा जाडसर रेझिस्टर टेकवला, आकडा धाडकन 3.41. रेझिस्टर इतका तापला की पक्कडीने धरावा लागला (ई-सिगारेटची कॉइल हेच करते). काढल्यावर आकडा 3.75 वर आला आणि मग रेंगाळत वर सरकू लागला. ‘‘लोड टाकला की व्होल्टेज बसतं. सेल म्हातारा झालाय, नवा असता तर एवढा बसला नसता,’’ काका म्हणाले.

सोसायटीत सकाळी सगळ्यांनी एकदम नळ सोडले की वरच्या मजल्यावर धार बारीक होते, म्हणून काही गच्चीवरची टाकी रिकामी झालेली नसते. सेलमध्येही तसंच. त्याच्या अंतर्गत रोधामुळे, म्हणजे आतूनच प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्यामुळे, विद्युतप्रवाह जितका जास्त तितकं बाहेर दिसणारं व्होल्टेज कमी. काकांच्या सेलमध्ये 0.43 व्होल्ट बसले, रेझिस्टर एक ओहमचा म्हणून प्रवाहही होता 3.41 अँपिअर, भागाकार केला की रोध निघतो सुमारे 0.13 ओहम. म्हणजे ज्या घसरणीमुळे अंदाज चुकतो, तीच सेलचं वयही सांगते. हुशार चिप नेमका याचा फायदा घेते. झुरका चालू असताना रोध मोजते, यंत्र काही मिनिटं स्वस्थ पडलं की स्थिरावलेलं व्होल्टेज वाचते, आणि दोन्ही आकडे आपल्या बेरजेशी ताडून टक्के दुरुस्त करते. स्वस्त यंत्रं एवढं काही करत नाहीत. त्यांचा लाल दिवा लागतो तो नुसत्या व्होल्टेजवर.

उष्णता वेगळाच घोळ घालते. गरम सेलचा रोध तात्पुरता कमी होतो, त्यामुळे ठाण्यातल्या मे महिन्याच्या दुपारी सेल उलट तरतरीत वाटतो. पण त्याच उष्णतेने तो आतून लवकर झिजतो आणि कायमचा रोध वाढतो.

जुना फोन 18 टक्क्यांवर असताना कॅमेरा उघडताच बंद पडतो, त्यामागेही हेच कारण आहे. कॅमेऱ्याने एकदम जास्त प्रवाह ओढला, वाढलेल्या रोधामुळे व्होल्टेज मर्यादेखाली बसलं आणि संरक्षक सर्किटने वीज तोडली. ते 18 टक्के बहुधा सेलमध्येच असतात. म्हणून थोड्या वेळाने फोन चालू केला की तो पुन्हा सुरू होतो, पुढचा फोटो काढेपर्यंत.