दुकान आपले, गाळा दुसऱ्याचा

मे महिन्यात लालबागला मसाला करायला गेलेल्या बाईला कोणी जाहिरात दाखवत नाही. ती विचारते, ‘बेडगी किती घालू, संकेश्वरी किती?’ दुकानदार उलट विचारतो, ‘घरात माणसे किती? मासळीला हवा की रोजच्या भाजीला?’ या सवालजवाबातच माल ठरतो आणि गिऱ्हाईक बांधले जाते. ऑनलाइन माध्यमांत गिऱ्हाइकाशी बोलत धंदा वाढवण्याला आज ‘इंटरॅक्टिव्ह मार्केटिंग’ म्हणतात. मुंबईच्या बाजाराला त्यातले नाव तेवढे नवीन.

मधल्या काळात मोठ्या कंपन्यांच्या मालाच्या बाबतीत हे बोलणे तुटले होते. विविध भारतीच्या मुंबई, पुणे, नागपूर केंद्रांवर १ नोव्हेंबर १९६७ पासून जाहिराती सुरू झाल्या, दूरदर्शनवर १ जानेवारी १९७६ पासून. कंपनी बोलणार, घर ऐकणार. गिऱ्हाइकाला काही म्हणायचेच असेल तर कूपन कापून पाकिटात घालायचे आणि उलट टपालाची वाट बघायची.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने इंटरनेट सर्वांसाठी खुले केले. सर्वांसाठी म्हणजे काय, तर चित्रांसकट वेब दाखवणाऱ्या घरगुती जोडणीला वर्षाला १५,००० रुपये! त्या भावात गिऱ्हाईक कुठून येणार? तेव्हाची वेबसाइट म्हणजे महागडे व्हिजिटिंग कार्डच. तरी पहिले प्रयोग मुंबईत झाले, कारण जाहिरातवाले इथेच बसलेले होते. १९९६ साली रेडिफ हे संकेतस्थळ सुरू करणारे अजित बालकृष्णन हे रेडिफ्युजन या इथल्याच जाहिरात संस्थेच्या संस्थापकांपैकी एक. १९९८ मध्ये आलोक केजरीवाल यांनी काँटेस्ट्स-टू-विन काढली. कंपनीच्या मालाभोवती खेळ रचायचा, लोकांनी तो खेळायचा आणि खेळता खेळता नाव लक्षात ठेवायचे, असा तो धंदा.

छोट्या दुकानदाराचे नशीब मात्र साध्या टेलिफोनने उघडले. १९९६ साली मुंबईत सुरू झालेल्या जस्टडायलला फोन करून ‘बोरिवलीत प्लंबर हवा’ म्हटले की नंबर मिळत. फोन करणाऱ्याकडे संगणक नसला तरी अडत नसे. माझ्या मते खरी कलाटणी हीच होती. आधी गरजवंताने बोलायचे, मग विकणाऱ्याने. गूगलने तोच क्रम यंत्रात बसवला. ॲडवर्ड्स ही त्याची जाहिरात सेवा २००० साली आली आणि २००२ पासून शोधशब्दांचा लिलाव व क्लिकमागे पैसे ही पद्धत त्यात आली. जाहिरात किती जणांनी पाहिली, यापेक्षा किती जण दुकानाच्या पायरीपर्यंत आले, हे मोजले जाऊ लागले.

मराठी गिऱ्हाईक या शोधात बराच काळ नव्हतेच. शिवाजी किंवा श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर डोळ्यांना देवनागरी दिसे, पण संगणकाच्या पोटात ती इंग्रजी अक्षरांची गिचमिड असे. फॉन्ट नसला की पानावर नुसता कचरा. ‘पैठणी’ असे शोधणाऱ्याला दादरच्या दुकानाचे मराठी पान सापडायचे कसे? विंडोज २००० सोबत युनिकोडची, म्हणजे कोणत्याही संगणकाला सारखीच कळणारी, देवनागरी आणि मंगल फॉन्ट आला, तरी सवय लागायला स्मार्टफोन हातात यावा लागला. तोवर ‘saree’ लिहू की ‘sadi’, या पेचातच गिऱ्हाईक अडकलेले. आजही भावाची चौकशी निम्मी रोमन लिपीत होते, हे कोणत्याही दुकानदाराचा फोन पाहिला तर कळेल.

माणसे जोडणारे ऑर्कुट हे संकेतस्थळ २००४ साली आले, ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झाले. त्यावर जमवलेली माणसे तिथेच राहिली. फेसबुकने २००७ मध्ये धंद्यांना पाने दिली. फुकट गाळा मिळाला म्हणून सगळे धावले. नोव्हेंबर २०१४ मध्ये कंपनीने जाहीर केले की जानेवारीपासून निव्वळ जाहिरातीसारख्या वाटणाऱ्या पोस्ट लोकांना कमी दिसतील. म्हणजे पान लाइक केलेल्या आपल्याच गिऱ्हाइकापर्यंत पोचायला आता पैसे टाकून बूस्ट करा. मुंबईकराला हा व्यवहार लगेच समजावा. पागडीच्या भाडेकरूला हलवणे सोपे नसते. फेसबुकवरचा गाळा म्हणजे तर त्याहून कच्चा करार, लीव्ह अँड लायसन्सचा, तोही अकरा महिन्यांच्या हमीशिवाय.

२०१६ मध्ये दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. एप्रिलमध्ये मुंबईत यूपीआयची घोषणा झाली, सप्टेंबरमध्ये जिओचा स्वस्त डेटा आला. जानेवारी २०१८ मध्ये व्हॉट्सॲप बिझनेस ॲप आले आणि चौकशी, फोटो, पत्ता एकाच खिडकीत आले, पैसे यूपीआयने. लॉकडाऊनच्या २०२० च्या उन्हाळ्यात वाशीच्या घाऊक बाजाराचे गाडे अडखळले, तेव्हा देवगड-रत्नागिरीच्या बागायतदारांनी सोसायट्यांच्या ग्रुपवर थेट हापूसची नोंदणी घेतली. सोसायटीतल्या एखाद्या काकू पेट्यांचा हिशेब ठेवत, टेम्पो गेटवर येई. पेटीत चार आंबे डागी निघाले तर फोटो त्याच ग्रुपवर, सगळ्यांसमोर! या माध्यमाचा खरा धाक हाच.

त्याच वर्षी २९ जूनला टिकटॉकवर बंदी आली आणि त्यावर नाव कमावलेल्यांचे गिऱ्हाईक एका रात्रीत गेले. जुलैत इन्स्टाग्रामने रील्स आणल्या, बरेच जण तिकडे वळले. पैसे घेऊन केलेली स्तुती सहज केल्यासारखी दाखवण्याचा प्रकार इतका वाढला की मुंबईतच मुख्यालय असलेल्या जाहिरात मानक परिषदेला, म्हणजे ॲस्कीला, जून २०२१ पासून इन्फ्लुएन्सरांना ‘ही जाहिरात आहे’ असे स्पष्ट लिहायला लावणारे नियम आणावे लागले. ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे भारतीय मानक २०२२ मध्ये आले, पण ते पाळणे ऐच्छिक ठेवले.

४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप तिन्ही सुमारे सहा तास बंद पडली. घटस्थापना तीन दिवसांवर, दिवाळी महिन्यावर. फराळाच्या आणि साड्यांच्या ऑर्डरी ज्यांच्या फक्त चॅटमध्ये होत्या, त्यांना कोणाला काय कबूल केले आहे, हेच त्या रात्री पडताळता येईना. ज्यांच्या गल्ल्याशेजारी नाव-नंबरांची लाल वही होती, त्यांनी सरळ फोन लावले.