ॲलॉय चाकांचे नूतनीकरण

मोटारगाडीची ॲल्युमिनियम मिश्रधातूची चाके घासली, वाकली, गंजली किंवा त्यांचा रंग उडाला, की जुने लेप उतरवून, धातूची डागडुजी करून त्यांवर नवे लेप चढवण्याची प्रक्रिया. गॅरेजच्या बोलीत याला कुणी ‘रिम रंगवणे’ म्हणतो, कुणी ‘पावडर कोटिंग’, कुणी ‘बेंड काढणे’. नावांची ही सरमिसळ वाटते तितकी निरुपद्रवी नाही. रंगवणे हे दिसण्याचे काम, बेंड काढणे हे ताकदीचे. दोन्ही एकाच दुकानात, एकाच बिलावर होतात. पहिले बिघडले तर चाक कुरूप दिसते; दुसरे बिघडले तर ते चालत्या गाडीखाली तुटू शकते.

नाव आणि धातू : अशा चाकाला ‘मॅगव्हील’ म्हणणारे अजून पुष्कळ भेटतात, दुचाकीवाले तर सर्रास. हे नाव मॅग्नेशियमवरून आले. अमेरिकेत टेड हॅलिब्रँड यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर शर्यतीच्या गाड्यांसाठी मॅग्नेशियमची चाके ओतली आणि ती गाजली. त्याच्या कितीतरी आधी, १९२४ मध्ये लियाँ येथील फ्रेंच ग्रां प्रीमध्ये बुगाटीची ‘टाइप ३५’ ही गाडी ॲल्युमिनियमच्या ओतीव चाकांवर उतरली होती. आजच्या चाकात मॅग्नेशियम नावापुरते उरले आहे. ए३५६ या अत्यंत रुळलेल्या मिश्रधातूत सिलिकॉन सुमारे ७ टक्के असते, तर मॅग्नेशियम अर्ध्या टक्क्याहूनही कमी.

पण चाकाची ताकद त्या चिमूटभर मॅग्नेशियमवरच उभी असते. ओतलेले चाक सुमारे ५४० अंश सेल्सिअसला तापवतात, एकदम पाण्यात बुडवून थंड करतात आणि मग १५० ते १८० अंशांच्या दरम्यान काही तास मुरवतात. मुरताना मॅग्नेशियम व सिलिकॉन यांचे अतिसूक्ष्म कण धातूभर तयार होतात आणि धातू कडक होतो. या संस्काराला टी६ म्हणतात. नूतनीकरणात काय चालते आणि काय चालत नाही, याचा निकाल बहुतेक वेळा इथेच लागतो : भट्टीत कमावलेला हा कडकपणा चुकीची आच लागली की उतरतो, आणि उतरला हे डोळ्यांना कळत नाही.

नुकसानाचे प्रकार : टायरवर २०५/५५ आर १६ (रुंदी मिमी.त / बाजूच्या उंचीची टक्केवारी, आणि चाकाचा व्यास इंचांत) असे लिहिलेले असेल, तर टायरच्या बाजूची उंची २०५ मिमी.च्या ५५ टक्के, म्हणजे साधारण ११३ मिमी. असते. त्याऐवजी २२५/४० आर १८ बसवला, की ती ९० मिमी.वर येते. धक्का गिळणारे रबर आणि हवा तेवढी कमी झाली, आणि मोठ्या चाकाची कड तेवढी पुढे आली. ब्रिटनसारख्या देशात गाडी रस्त्याकडेला पदपथाच्या उंच दगडी कडेला खेटून उभी करतात. तिथे चाके घासतात. त्यामुळे तिकडचा हा धंदा मुख्यतः ओरखडे बुजवण्याचा आणि रंगाचा आहे. आपल्याकडे पदपथाआधी खड्डा भेटतो. पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा दिसत नाही, चाक वेगात आपटते आणि कड आत वळते किंवा आतल्या बाजूला चीर जाते. साहजिकच इथल्या दुकानात गिऱ्हाईक रंगासाठी कमी आणि ‘गाडी ऐंशीच्या पुढे थरथरते’ म्हणून जास्त येते.

तिसरा शत्रू गंज. ॲल्युमिनियमवर हवेमुळे आपोआप ऑक्साइडचा पातळ पापुद्रा येतो आणि तोच त्याचे रक्षण करतो. पण क्लोराइडपुढे, म्हणजे मिठापुढे, तो टिकत नाही. थंड देशांत बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. मुंबई, कोकण आणि गोव्यात ते काम समुद्रावरचा वारा करतो. लेपाला एक बारीक टवका उडाला, की तिथून पारदर्शक थराखाली पांढरट, अळीच्या वाटेसारख्या नागमोडी रेषा सरकत जातात. वरून कितीही पुसले तरी त्या जात नाहीत, कारण त्या थराच्या खाली असतात. ब्रेकच्या पॅडमधून उडणारी लोखंडाची गरम धूळ लेपात रुतून बसते, हे आणखी एक कारण. ती काढण्यासाठी तीव्र आम्लाचा क्लीनर मारणे हा रोगापेक्षा जालीम उपाय आहे. विशेषतः फ्लोराइडयुक्त क्लीनर धातूही खातो आणि वापरणाऱ्याच्या कातडीलाही गंभीर इजा करतो.

तपासणी : खरे काम इथे आहे आणि घाई होते तीही इथेच. टायर काढून, हवेच्या दाबाचा सेन्सर असल्यास तो सोडवून आणि जुनी बॅलन्सिंगची वजने उतरवून चाक फिरवून पाहतात. कडेशी डायल गेज (सूक्ष्म फरक काट्यावर दाखवणारे मापक) लावला की चाक किती ‘आउट’ आहे, म्हणजे फिरताना किती डगमगते, ते समजते. मग चिरा शोधायच्या. ॲल्युमिनियम चुंबकाला दाद देत नाही, त्यामुळे लोखंडी भागांसाठी वापरली जाणारी चुंबकीय भुकटीची परीक्षा इथे निरुपयोगी ठरते. त्याऐवजी लाल रंगाचे भेदक द्रव्य लावतात, थोडा वेळ मुरू देतात, पुसून टाकतात आणि वर पांढरी भुकटी फवारतात. चीर असेल तर लाल रेघ वर उमटते. रेल्वेच्या कारखान्यांत पूर्वी तेल आणि खडूची पूड वापरून हेच करत.

ही परीक्षा सँडब्लास्टिंगच्या, म्हणजे हवेच्या दाबाने बारीक कण मारून चाक खरवडण्याच्या, आधी व्हायला हवी. जोरात आदळणारे कण मऊ धातू चिरेच्या तोंडावर पसरवतात, तोंड बुजते आणि मग भेदक द्रव्य आत शिरतच नाही. घाईचे कारागीर चाक आधी ब्लास्ट करून चकचकीत करतात आणि मग ‘चीर नाही’ म्हणतात. ते खोटे बोलत नसतात. त्यांना ती दिसलेलीच नसते.

लेप उतरवणे : जुना रंग रसायनाने सुटतो किंवा ब्लास्टिंगने. रंग काढणाऱ्या द्रव्यांत डायक्लोरोमिथेन फार काळ राज्य करून होते. बंद खोलीत त्याची वाफ जीवघेणी ठरते. युरोपीय संघाने सामान्य ग्राहकाला ते विकण्यावर बंदी घातली आणि २०२४ मध्ये अमेरिकेनेही त्याच्या बहुतेक वापरांवर बंदी आणणारा नियम केला. ब्लास्टिंगसाठी ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा काचेचे बारीक मणी वापरतात.

घासकामाची धूळ हा वेगळाच विषय आहे. ॲल्युमिनियमची बारीक पूड हवेत तरंगत असताना ठिणगी पडली तर तिचा स्फोट होतो. चीनमधील कुनशान येथे २ ऑगस्ट २०१४ रोजी मोटारींच्या चाकांना पॉलिश करणाऱ्या कारखान्यात असाच स्फोट होऊन शंभराहून अधिक कामगार मरण पावले. कोपऱ्यात साचलेल्या राखाडी धुळीकडे पाहायची नजर त्यानंतर बदलायला हवी होती. आपल्याकडच्या अनेक बफिंगच्या खोल्या पाहता ती बदललेली दिसत नाही.

बेंड आणि वेल्डिंग : वाकलेली कड हायड्रॉलिक जॅकने हळूहळू दाबून सरळ करतात. धातू थंड असेल तर तडकतो, म्हणून थोडा तापवतात, आणि हा ‘थोडा’ ठरवणे अवघड असते. लोहाराला लोखंड रंगावरून बोलते : आधी काळपट लाल, मग लाल, मग केशरी. ॲल्युमिनियम मुके आहे. ते लाल न होताच सुमारे ५६० अंशांना वितळू लागते. गॅसच्या ज्योतीखाली चाक नेमके किती तापले, हे तापमान दाखवणाऱ्या खडूशिवाय किंवा मापकाशिवाय सांगता येत नाही. टिग वेल्डिंगने (टंगस्टनच्या कांडीतून निघणाऱ्या वीजज्योतीने धातू वितळवून जोडण्याची रीत) चीर भरता येते, पण वेल्डलगतच्या पट्ट्यातला टी६चा कडकपणा जातो आणि अख्खे चाक पुन्हा भट्टीत घालून तो परत आणण्याची सोय रस्त्यावरच्या दुकानात नसते. जर्मनीत म्हणूनच चाकाचे वेल्डिंग आणि तापवून सरळ करणे मान्य नाही; वरवरची डागडुजीच चालते.

बैलगाडीच्या चाकाचा एखादा आरा मोडला, तर सुतार तेवढा बदलून देई. तुंबा, आरे, पुठ्ठे आणि धाव हे सगळे सुटे भाग. ओतीव चाक हे एकच अंग आहे. त्याच्या आऱ्यात किंवा नटांच्या भोकांजवळ चीर असेल, तर ते चाक भंगारात घालावे, या बाबतीत जाणत्या कारागिरांत दुमत नाही. नवे चाक विक्रीस येण्याआधी त्याला वळणावरचा भार, सरळ भार आणि आघात अशा परीक्षा द्याव्या लागतात. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्थेत अशा वाहनभागांच्या चाचण्या होतात. दुरुस्त चाक मात्र कोणतीही परीक्षा न देता थेट रस्त्यावर येते.

नवे लेप : साधा ओरखडा असेल तर कड घासून, लांबी (पुट्टी) भरून, वॉटर पेपरने सपाट करून प्रायमर, रंग आणि लॅकर असे फवारे मारतात. टिकाऊपणासाठी पावडर कोटिंग. विद्युतभारित भुकटी जमिनीशी जोडलेल्या चाकाला चिकटते आणि १८० ते २०० अंशांच्या भट्टीत दहा ते वीस मिनिटांत वितळून पक्की होते. ओतीव धातूत सूक्ष्म पोकळ्या असतात; त्यांतली हवा भट्टीत फुगून थरातून बाहेर पडते आणि टाचणीने टोचल्यासारखी भोके राहतात. म्हणून चतुर कारागीर उघडे चाक आधी रिकामेच भाजून घेतो. भट्टीचे हे तापमान मुरवण्याच्या तापमानाहून वर आहे, हे विसरता येत नाही. एकदा-दोनदा थोड्या वेळासाठी चालून जाते; दर दोन वर्षांनी रंग बदलण्याची हौस मात्र धातूला मानवत नाही.

‘डायमंड कट’ चाकाची तऱ्हा निराळी. सीएनसी लेथचा (संगणकाने चालणाऱ्या कातयंत्राचा) स्पर्शक आधी चाकाचा चेहरा मोजतो, मग हिऱ्याचे टोक असलेले हत्यार वरचा पातळ पदर काढते. ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा बारीक वर्तुळाकार रेषा उमटतात आणि त्यांवर फक्त पारदर्शक लॅकर येते. कातलेल्या धारदार कडेवर लॅकर पातळ बसते, म्हणून गंज तिथूनच सुरू होतो; किनारपट्टीवर राहणाऱ्याने अशी चाके हौसेने घेऊ नयेत, असे प्रस्तुत नोंदकर्त्याचे मत आहे. शिवाय प्रत्येक वेळी धातू कातला जातो, तेव्हा हे काम एका चाकावर दोन-तीनदाच करता येते. क्रोमचा मुलामा असलेली चाके साध्या दुकानाने हातात घेऊ नयेत.

बसवणे : चाक हबला (धुरीच्या टोकाच्या, चाक बसते त्या भागाला) जिथे टेकते ती जागा आणि नट बसतात त्या खोलगट जागा लेपापासून कोऱ्या ठेवाव्या लागतात; भट्टीत जाण्यापूर्वी तिथे सिलिकॉन रबराची बुचे लावतात. नटाखाली रंगाचा जाड थर राहिला, तर तो दाबाखाली हळूहळू चेपतो आणि घट्ट केलेला नट ढिला पडतो. म्हणून नूतनीकरणानंतर ५० ते १०० किमी. गाडी चालवून नट टॉर्क पान्याने (नट किती जोराने आवळला ते दाखवणाऱ्या पान्याने) पुन्हा तपासतात.

जुन्या बाजारात रंगवलेले चाक घेताना चेहऱ्याकडे पाहून काही कळत नाही. ते उलटे करून पाठ पाहावी. आतल्या पिंपासारख्या भागावर वेल्डचा उंचवटा, कानशीने घासल्याच्या खुणा किंवा इतरांपेक्षा जाड रंगाचा एखादा पट्टा दिसतो का, हे बोट फिरवून तपासता येते. पाठीवर चाकाचे माप, ऑफसेट (चाकाच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या जागेचे अंतर) आणि घडणीचा महिना ओतीव अक्षरांत असतो. ही अक्षरे बुजलेली असतील, तर त्या चाकावर लेपांचे थरावर थर चढलेले असतात किंवा ब्लास्टिंग फार जोराने झालेले असते.