गरोदरपणातील मत्स्याहार

गरोदरपणी मासे खावेत, याविषयी आधुनिक वैद्यकात आता फारसा वाद नाही. वाद असलाच तर तो कोणते, किती आणि कसे शिजवलेले, एवढ्यापुरता. माशांतून उत्तम प्रथिने, आयोडीन, ब-12 जीवनसत्त्व आणि डीएचए हे ओमेगा-3 मेदाम्ल मिळते. गर्भाचा मेंदू आणि दृष्टिपटल घडण्यासाठी हे मेदाम्ल लागते. ‘मासे गरम पडतात’ म्हणून नऊ महिने ताटातून माशाची तुकडीच काढून टाकणे हा त्यामुळे तोट्याचा व्यवहार ठरतो.

खरी धास्ती पाऱ्याची. दगडी कोळशाच्या धुरातून आणि कारखान्यांच्या सांडपाण्यातून पारा पाण्यात उतरतो. तळच्या गाळातले जिवाणू त्याचे मिथाइल पारा या विषारी संयुगात रूपांतर करतात. प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव), ते खाणारी मासळी, तिला गिळणारा मोठा मासा, असे पायरीगणिक त्याचे प्रमाण वाढत जाते. हा पारा माशाच्या स्नायूंतील प्रथिनांना बांधलेला असतो. धुऊन, तळून किंवा आगळ (कोकमाचा रस) लावून तो जात नाही. वारेतून (प्लॅसेंटातून) तो गर्भापर्यंत पोचतो. जपानमधील मिनामाता येथे 1956 मध्ये उघडकीस आलेल्या विषबाधेत आईला फारसा त्रास नसतानाही मुले मेंदूची गंभीर इजा घेऊन जन्मली.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गरोदर स्त्रीसाठी कमी पाऱ्याचे मासे आठवड्याला 225 ते 340 ग्रॅम सुचवले आहेत, म्हणजे दोन-तीन वेळचे कालवण. शार्क, तलवारमासा, मार्लिन, किंग मॅकरल आणि बिगआय ट्यूना मात्र टाळायला सांगितले आहेत. कोकणच्या बाजारात या यादीतली ठळक मासळी म्हणजे मोरी, अर्थात शार्क. दूध वाढते म्हणून बाळंतिणीला मोरी खाऊ घालण्याची चाल किनाऱ्यावर आहे. वरील सल्ला अंगावर पाजणाऱ्या आईलाही लागू असल्याने इथे चाल मोडलेलीच बरी. किंग मॅकरल हा सुरमईच्याच प्रजातीतला, बांगड्याचा नव्हे. मोठ्या सुरमईच्या तुकड्या म्हणून क्वचितच घ्याव्यात. बांगडा सोडण्याचे कारण नाही. तारली, पेडवे, मांदेली, कोळंबी ही लहान आणि अल्पायुषी मासळी सर्वांत निर्धास्त, शिवाय पापलेटपेक्षा स्वस्त. अपवाद कारखान्यांचे पाणी येणाऱ्या खाडीचा: तिथली कालवे आणि तिसऱ्या ही शिंपल्यांतली मासळी नकोच.

दुसरा धोका जंतूंचा. लिस्टेरिया हा जिवाणू फ्रिजच्या थंडाव्यातही वाढतो आणि त्याच्या संसर्गाने गर्भपात होऊ शकतो. कच्च्या माशाची सुशी आणि न शिजवता खायचा धुरवलेला मासा म्हणून वर्ज्य. आतले तापमान 63 अंश सेल्सिअसला पोचावे लागते. घरगुती खूण अशी, की काट्यालगतचे मांस पारदर्शक न राहता पांढरे पडते आणि काट्यापासून सहज सुटते. शिजवूनही न उघडलेल्या तिसऱ्या फेकून द्याव्यात. बांगडा बर्फाविना उन्हात राहिला की त्यात हिस्टामीन हे अ‍ॅलर्जीसारखा त्रास देणारे द्रव्य तयार होते आणि ते उकळूनही नष्ट होत नाही; कल्ले लाल आणि अंग ताठ असेल तरच घ्यावा. सुक्या मासळीत मीठ फार, रक्तदाब वाढलेला असेल तर ती बाजूला ठेवावी.

माशाच्या यकृताच्या तेलाच्या गोळ्या ताकदीसाठी म्हणून परस्पर सुरू करू नयेत. त्यांतील अ जीवनसत्त्वाचा अतिरेक गर्भात व्यंग निर्माण करू शकतो.