लहान शाळेचा निकाल घसरला म्हणजे शिकवणं बिघडलं?

"यंदा चौथीचा निकाल घसरला, म्हणजे गुरुजींचं लक्ष नाही," हा समज खेड्यापाड्यांत वर्षानुवर्षं चालत आलाय. तो चुकीचा आहे. वर्गात आठच मुलं असतील तर एक मूल म्हणजे 12.5 टक्के. परीक्षेच्या दिवशी दोघं तापाने फणफणली, की निकाल 100 वरून थेट 75 वर. शिकवण्यात तसूभरही फरक पडलेला नसतो. म्हणूनच लहान शाळा यादीत कधी अगदी वर, तर कधी अगदी तळाला दिसतात. वर गेलेल्या शाळेचा सत्कारही तितकाच घाईचा, हे आवर्जून सांगावंसं वाटतं.

मग पाहायचं काय? तीन-चार वर्षांचे निकाल एकत्र. आणि त्याहून महत्त्वाचं, प्रत्येक मुलाची वही. 52 वजा 27 बरोबर 35 असं उत्तर आलं, तर नुसती फुली मारून भागत नाही. मुलाने बहुधा सातातून दोन वजा केलेत. हातचा त्याला समजलेलाच नाही. दशकाचा गठ्ठा सुटा करून काड्या मोजायला दिल्या, की बहुतेकदा उलगडा होतो. पंधरा दिवसांनी तसंच दुसरं गणित द्यावं. वर्षाच्या सुरुवातीला मूल कुठे होतं आणि आता कुठे आहे, ही नोंद आठ मुलांच्या वर्गात सहज ठेवता येते. मोठ्या शाळेला तेच जड जातं.