ललितेतर ग्रंथांचे वर्गीकरण

ग्रंथालयातील कथा, कादंबऱ्या वगळून उरलेली पुस्तके विषयवार एकत्र आणणे, प्रत्येक विषयाला अंक देणे आणि त्या अंकांच्या क्रमाने पुस्तके कपाटात लावणे, या कामाला ग्रंथवर्गीकरण म्हणतात. कादंबरी वाचकाला बहुधा लेखकाच्या नावाने हवी असते, त्यामुळे ती आडनावानुसार लावली तरी भागते. माहितीचे पुस्तक लोक विषयाने मागतात. मधुमेहावर काही आहे का, मोडी शिकायची आहे, कुक्कुटपालनाचे पुस्तक कुठे मिळेल, अशीच विचारणा होते. ती करणाऱ्याला एक पुस्तक सापडले की त्याच विषयाची बाकीची पुस्तकेही शेजारीच दिसावीत, हा वर्गीकरणाचा हेतू आहे.

एकोणिसाव्या शतकात अनेक ग्रंथालयांत पुस्तकाची जागा कायमची ठरलेली असे : अमुक कपाट, अमुक फळी. फळी भरली की त्याच विषयाचे पुढचे पुस्तक दुसऱ्या खोलीत जाई. अमेरिकेतील ॲमहर्स्ट कॉलेजच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या मेल्व्हिल ड्यूई यांनी १८७६ मध्ये दशांश वर्गीकरणाची ४४ पानांची पुस्तिका काढली. त्यांनी फळीऐवजी पुस्तकाच्या विषयाला अंक दिला. त्यामुळे कपाटे हलली, इमारत बदलली, मध्ये शंभर नवी पुस्तके आली, तरी क्रम बिघडत नाही. जगातील सार्वजनिक ग्रंथालयांत आजही हीच पद्धत सर्वाधिक चालते.

ड्यूईंनी सगळ्या ज्ञानाचे दहा वर्ग केले. ००० मध्ये सामान्य ज्ञान व संगणक, १०० मध्ये तत्त्वज्ञान व मानसशास्त्र, २०० धर्म, ३०० सामाजिक शास्त्रे, ४०० भाषा, ५०० विज्ञान, ६०० तंत्रज्ञान, ७०० कला व क्रीडा, ८०० साहित्य आणि ९०० इतिहास व भूगोल. प्रत्येक वर्गाचे पुन्हा दहा भाग पडतात. ६०० मधून ६४० म्हणजे गृहव्यवस्थापन, ६४१ म्हणजे अन्नपदार्थ, ६४१.५ म्हणजे स्वयंपाक आणि ६४१.५९५४ म्हणजे भारतीय स्वयंपाक. शेवटचा ५४ हा भारताचा अंक. तोच भारताच्या इतिहासात ९५४ असा आणि भारतातील प्रवासात ९१५.४ असा येतो. मराठी भाषेवरची पुस्तके ४९१.४६ मध्ये, तर मराठी साहित्य ८९१.४६ मध्ये लागते. हे जोड एकदा लक्षात आले की ग्रंथपालाला बरेच अंक तोंडपाठ होतात.

या पद्धतीची खरी अडचण उसावरून चांगली कळते. ऊस लावायचा कसा, हे सांगणारे पुस्तक ६३३.६१ मध्ये जाते. त्याच उसापासून साखर कशी तयार होते, हे ६६४ मध्ये, म्हणजे अन्नप्रक्रियेत. सहकारी साखर कारखान्यांची वाटचाल ३३४ मध्ये, कारण तिथे सहकार हा विषय आहे. ऊसतोड कामगारांच्या स्थितीचा अभ्यास ३३१ मध्ये, श्रमाच्या अर्थशास्त्रात. पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकाच्या दृष्टीने हा सगळा एकच विषय, पण पुस्तके चार ठिकाणी विखुरतात. ड्यूई पद्धत पुस्तक कशाबद्दल आहे एवढेच न पाहता ते कोणत्या विद्याशाखेच्या नजरेतून लिहिले आहे, हे आधी पाहते. ही विखुरलेली नाती जोडण्यासाठी ड्यूईंनी पहिल्याच आवृत्तीत अकारविल्हे विषयसूची दिली होती. सूचीत एक शब्द काढला की त्याचे निरनिराळे वर्गांक एकत्र दिसतात. या पद्धतीतला हा सर्वांत उपयोगी भाग म्हणावा लागेल.

दुसरी अडचण पद्धतीच्या मुळातच आहे. २०० या धर्माच्या वर्गात २२० ते २८० हे सगळे भाग ख्रिस्ती धर्माला दिलेले आहेत आणि जगातले बाकीचे धर्म २९० च्या आत कोंबलेले आहेत. बौद्ध २९४.३, जैन २९४.४, हिंदू २९४.५, इस्लाम २९७. भारतीय ग्रंथालयात यामुळे लांबलचक अंक तयार होतात आणि ते चिठ्ठीवर मावत नाहीत. हा अन्याय आहे आणि तो तसाच म्हटला पाहिजे. स्थानिक धर्माला अधिक जागा देण्याची मुभा पुढच्या आवृत्त्यांत दिली गेली. तरीही काही प्रश्न ग्रंथपालालाच सोडवावे लागतात. ज्ञानेश्वरी गीतेवरील टीका म्हणून २९४.५९२४ मध्ये ठेवायची की मराठी काव्य म्हणून ८९१.४६१ मध्ये? दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. मात्र एका ग्रंथालयाने एकदा ठरवले की सगळ्या प्रती आणि संतसाहित्यातील सारखी पुस्तके त्याच धोरणाने लावावी लागतात.

भारतात वर्गीकरणाचा विचार लवकर सुरू झाला. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावले. बॉर्डन यांनी ड्यूई आणि अमेरिकेतलेच ग्रंथपाल चार्ल्स कटर या दोघांच्या पद्धतींचा मेळ घालून बडोद्यासाठी वेगळे वर्गीकरण तयार केले. पुढे मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांनी मुळातूनच नवी वाट काढली. ते आधी गणिताचे प्राध्यापक होते. लंडनमध्ये शिकत असताना दुकानात मेकॅनो हे सुटे तुकडे जोडून वस्तू बनवायचे खेळणे पाहून त्यांना सुचले की विषयाचे सुटे भाग करावेत आणि लागतील तसे जोडावेत. त्यांची द्विबिंदू (कोलन, म्हणजे : हे चिन्ह) पद्धती १९३३ मध्ये प्रसिद्ध झाली. महाराष्ट्रातील उसावरच्या रोगाचे निवारण हा विषय घेतला, तर पीक, रोग, उपाय, प्रदेश असे पैलू वेगळे करून त्यांचा एक अंक बांधता येतो. विचाराने ही पद्धत ड्यूईपेक्षा सरस आहे, पण अंक गुंतागुंतीचे होत असल्याने ती थोड्याच ग्रंथालयांत टिकली.

महाराष्ट्रातल्या अनेक लहान वाचनालयांत यांपैकी काहीच नसते. चरित्र, आत्मचरित्र, प्रवासवर्णन, धार्मिक, वैचारिक असे ढोबळ गट करतात, त्यात पुस्तके दाखल क्रमांकाने, म्हणजे ग्रंथालयात ज्या क्रमाने आली त्या नोंदीच्या क्रमांकाने, लावतात आणि जे कुठेच बसत नाही ते ‘संकीर्ण’ मध्ये टाकतात. दोन-तीन हजार पुस्तकांपर्यंत हे चालते. त्यापुढे संकीर्ण फुगत जाते आणि त्यात काय आहे हे एका जुन्या कर्मचाऱ्यालाच माहीत उरते.

वर्गांक पुस्तकाच्या पाठीवरच्या चिठ्ठीत वर लिहितात, खाली लेखकाच्या आडनावाची आद्याक्षरे. दशांश चिन्हानंतरचे आकडे एकेक करून वाचायचे असतात. त्यामुळे ६४१.५९५४ हे पुस्तक ६४१.६ च्या आधी येते, नंतर नाही. नव्या मदतनिसाकडून इथेच चुका होतात. चुकीच्या फळीवर गेलेले पुस्तक तालिकेत, म्हणजे ग्रंथालयातील पुस्तकांच्या यादीत, असूनही वाचकाला मिळत नाही. म्हणून जिथे वाचकांना कपाटांपर्यंत जाऊ देतात, तिथे चाळलेले पुस्तक परत फळीवर न लावता टेबलावरच ठेवायला सांगितलेले असते.