घाट लागला की गाडी दम का टाकते?

"गावात आणि हायवेला काही त्रास नाही, पण घाट लागला की गाडी ओढतच नाही." गॅरेजमध्ये ही तक्रार रोजची. तिच्यावरचे उपायही ठरलेले: एअर फिल्टर बदला, प्लग बदला, इंजेक्टर साफ करून घ्या. दोन-चार हजार रुपये खर्च होतात, गाडी पुन्हा पसरणी घाटात जाते आणि त्याच वळणावर रडायला लागते. यात गॅरेजवाल्याची लबाडी असतेच असं नाही. त्याने गाडी सपाट जागेवर, उभी करून तपासलेली असते. दोष सपाटीवरही असतोच, पण तो उघडा पडेल इतकं काम इंजिनला तिथे पडत नाही.

थोडा हिशेब करू. माणसं आणि सामान धरून १३०० किलो भरणारी गाडी सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरने चालवायला चाकांपाशी जेमतेम ३ हॉर्सपॉवर पुरतात. तीच गाडी त्याच वेगाने, दर दहा मीटरला एक मीटर उंची घेणाऱ्या चढावर घातली, तर सगळं वजन दर सेकंदाला मीटरभराहून थोडं जास्त वर उचलावं लागतं. नुसत्या त्या उचलण्याला १९ हॉर्सपॉवर लागतात. एकूण २२, म्हणजे सपाटीच्या सातपट. एखादा भाग निम्म्याच ताकदीने काम करत असला, तरी ३ हॉर्सपॉवरपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

मात्र चढावर गाडी मंदावली म्हणजे बिघाडच, असं धरून चालू नये. १००० सीसीचं साधं पेट्रोल इंजिन १५०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला १५०० फेऱ्यांना, ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी, १५-१७ हॉर्सपॉवरच्या पुढे जात नाही. ३५०० आरपीएमला तेच इंजिन ४० च्या वर देतं. म्हणून तिसऱ्यात रखडणारी गाडी दुसऱ्यात टाकली की सुटते. इंजिन ओरडतंय म्हणून वरच्या गिअरमध्ये कुंथत चढवणं चुकीचंच. एसीचा कॉम्प्रेसर यातलेच दोन-तीन हॉर्सपॉवर खातो. उंचीचाही वाटा आहे: महाबळेश्वरला, सुमारे १३५० मीटरवर, हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण १२ टक्के विरळ असते आणि टर्बो, म्हणजे हवा दाबून भरणारा पंखा, नसलेल्या इंजिनाची ताकद जवळपास तितकीच घटते. लेहला ही घट ३० टक्क्यांच्या आसपास जाते. सीएनजीवर तर सिलिंडरमध्ये हवेची काही जागा गॅसच अडवतो, त्यामुळे तीच गाडी पेट्रोलपेक्षा दहा-पंधरा टक्के कमी ओढते. सीएनजीवाल्यांच्या हाताशी यामुळे एक फुकटची तपासणी आहे. चढावर पेट्रोलवर टाका. तक्रार पूर्ण नाहीशी झाली, तर आधी गॅसचा फिल्टर आणि रेग्युलेटर बघा.

एवढं सगळं जमेला धरूनही गाडी ओढत नसेल, तर आधी आरपीएम आणि वेगाच्या काट्यांकडे बघावं. आरपीएम वर जातोय आणि वेग वाढत नाही, वर जळका वास येतोय, तर क्लच प्लेट घसरतेय; इंजिनाचा त्यात दोष नाही. गाडी थांबवल्यावर एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं लागलं, तर ब्रेक चिकटलाय.

दोन्ही काटे एकत्रच मंदावत असतील आणि गाडी झटके मारत असेल, तर ठिणगीवर संशय घ्यावा. प्लगच्या टोकाशी जेमतेम एक मिलिमीटरची फट असते. आयडलिंगला सिलिंडरमध्ये हवा थोडीच असते, त्यामुळे काही हजार व्होल्टमध्ये ठिणगी ती फट ओलांडते. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडर हवेने गच्च भरतो, दाब कित्येक पट होतो आणि त्याच फटीसाठी २० हजार व्होल्टच्या घरातला विजेचा दाब लागू शकतो. हा विजेचा दाब तयार करणारी कॉइल अशक्त असेल, तर ठिणगी पडतच नाही. किंवा ती सोपी वाट शोधते. प्लग काढून त्याची पांढरी चिनी माती उजेडात फिरवून बघा. तिच्यावर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर वीज फट सोडून तिथून पळतेय. कॉइलची खात्री करण्याची पद्धत मला फार आवडते, कारण तिला एक पैसा लागत नाही. गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचं मिसिंग (पेट्रोल न पेटणं), दिसत असेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करा आणि पुन्हा घाट चढा. कोड पी०३०३ झाला, तर दोष कॉइलसोबत सरकला.

झटके नाहीत, गाडी नुसती उपाशी असल्यासारखी वाटतेय, तर पेट्रोल कमी पडतंय का ते बघावं. शेजारी बसलेल्या माणसाच्या हातात स्कॅनर द्या आणि अर्ध्या ॲक्सिलरेटरवर चढताना त्याला फ्युएल ट्रिम वाचायला सांगा. इंजिनाचा कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतोय किंवा कमी करतोय, ते हा आकडा सांगतो. दहा टक्के इकडेतिकडे चालतं. सपाटीवर ठीक असलेला आकडा चढावर +२० च्या पुढे गेला, तर पेट्रोल पोचत नाही किंवा हवेचा सेन्सर चुकीचं मोजतोय. निकाल प्रेशर गेज देतो. बहुतेक पेट्रोल गाड्यांत तीन-चार बार दाब हवा, आणि तो चढावरही टिकायला हवा. जाळीत कचरा अडकलेला पंप आयडलिंगला पुरा दाब दाखवतो, मागणी वाढली की गळतो. नवा पंप घेण्याआधी त्याच्या कनेक्टरवर पुरते व्होल्ट येतात का, तेही मोजून घ्यावं. खराब रिले किंवा कुजलेल्या वायरीमुळे चांगले पंप भंगारात जातात.

टर्बो डिझेलमध्ये माझा पहिला संशय टर्बोपासून इंजिनापर्यंत हवा नेणाऱ्या होसवर, म्हणजे रबरी नळीवर, असतो. दाब चढला की चीर उघडते, हवा बाहेर जाते आणि मागे काळा धूर निघतो. क्लॅम्पजवळचा तेलकट डाग ही तिची खूण. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ डिझेलमध्ये सायलेन्सरच्या मार्गातला काजळीचा फिल्टरही तपासावा, विशेषतः गाडी वर्षभर शहरातल्या ट्रॅफिकमध्येच फिरत असेल तर.

राहिला पेट्रोल गाडीचा चोक झालेला सायलेन्सर, म्हणजे खरं तर धुरातले विषारी वायू साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. इंजिनात हवा जाते त्या इनटेकला व्हॅक्यूम गेज लावून इंजिन २५०० आरपीएमला धरून ठेवा. चांगल्या इंजिनात काटा स्थिर राहतो. धूर पुढे जायला वाट नसेल, तर काटा हळूहळू खाली सरकत जातो. कन्व्हर्टर महाग असतो, म्हणून तो आपोआप चोक झाला असं मानून लगेच नवा बसवू नये. मिसिंग होत असताना न जळलेलं पेट्रोल तिथे जाऊन पेटतं आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळते. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असताना घाट रेटायचा नाही तो याचसाठी. आधी कॉइल आणि प्लग, मग कन्व्हर्टर. क्रम उलटा केला तर नवी जाळीही तशीच वितळेल.