वाटीला तार घातलीय, मग ब्रेस कशाला?

गुडघ्याच्या वाटीचं ऑपरेशन झालेल्या पेशंटचे नातेवाईक आमच्या काउंटरवर आले की दोन प्रश्न ठरलेले. पहिला, "लाँग ब्रेस भाड्यानं मिळेल का?" मिळत नाही. हा मांडीपासून पोटरीपर्यंत बांधायचा बिजागरीचा पट्टा अंगाला लागून असतो, घाम मुरतो, म्हणून विकतच देतो. वॉकर आणि कमोड खुर्ची मात्र भाड्यानं आहे. दुसरा प्रश्न, "आत स्टीलची तार घातलीय म्हणे. मग हे बाहेरून बांधायचं कशाला?" याचं उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही. मागं गिऱ्हाईक थांबलेलं असतं, बाहेर रिक्षावाला हॉर्न मारत असतो. म्हणून हे पत्रक छापलं. घरी निवांत वाचा, अंथरुणावर असलेल्यालाही वाचून दाखवा. त्याच्याकडं सध्या वेळच वेळ आहे.

आम्ही डॉक्टर नाही. सांगली-मिरजेत पट्टे, ब्रेस आणि वॉकर विकतो, आणि विकलेली वस्तू काय काम करते ते गिऱ्हाइकाला कळावं असं आम्हाला वाटतं. पाय कधी टेकायचा, कधी वाकवायचा, हे तुमचे हाडाचे डॉक्टर सांगतील तेच खरं.

वाटी म्हणजे झाकण नव्हे

डब्यावर झाकण असावं तशी गुडघ्यावर वाटी ठेवलेली आहे असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. मांडीच्या पुढचे चार स्नायू खाली येऊन त्यांची एक जाड दोरी होते. ती गुडघ्यावरून जाऊन नडगीच्या वरच्या उंचवट्याला घट्ट बसते. वाटी या दोरीतच ओवलेली आहे. दोरीत वाढणारी अशी हाडं शरीरात आणखीही आहेत, पण त्यात सर्वांत मोठी ही. हिची पाठ मांडीच्या हाडावरच्या खाचेतून घसरते, आणि त्या पाठीवरची कूर्चा, म्हणजे गुळगुळीत आवरण, शरीरातल्या सर्वांत जाड कूर्चांपैकी आहे. तिथं दाब किती पडत असेल ते यावरूनच ओळखावं.

मिरजेत तंबोरा बनताना पाहिला असेल तर पुढचं लगेच कळेल. (मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळालं.) तंबोऱ्याच्या तारा घोडीवरून जातात. घोडी काढली तर तारा तबलीला टेकतील. वाटी ही गुडघ्याची घोडी आहे. ती दोरीला सांध्यापासून पुढं उचलून धरते, म्हणून तेवढ्याच ओढीत पाय जास्त जोरानं सरळ होतो. दार बिजागरीजवळ ढकलून बघा आणि कडीजवळ ढकलून बघा, तोच फरक. पूर्वी फार चुरा झालेली वाटी सरळ काढून टाकत. मग तोच पाय सरळ करायला मांडीच्या स्नायूला 15 ते 30 टक्के जास्त ओढावं लागे, आणि पेशंट जिना चढताना कायमचा कठड्याला हात लावी. आता जेवढी वाचेल तेवढी वाटी वाचवतात.

फुटते दोन तऱ्हांनी

गाडीवरून पडून गुडघा थेट डांबरावर आपटला की वाटीला चांदणीसारखे तडे जातात. दुसरी तऱ्हा लोकांना खरी वाटत नाही. कृष्णेच्या घाटावर ओल्या पायरीवरून पाय निसटतो, पडू नये म्हणून माणूस मांडीला हिसका देऊन सावरायला बघतो, आणि त्या हिसक्यानंच वाटी मधोमध आडवी तुटते. म्हणजे पडला म्हणून वाटी फुटली असं नाही, कधी कधी वाटी फुटली म्हणून पडला.

आडवी तुटली आणि बाजूचे पडदेही फाटले की वरचा तुकडा मांडीकडं ओढला जातो. मधे बोट जाईल एवढी फट पडते. झोपून पाय सरळ उचलता येत नाही, कारण दोरीच तुटलेली असते. फट थोडी असेल आणि पाय उचलता येत असेल तर डॉक्टर नुसत्या प्लास्टरवर किंवा ब्रेसवर भागवतात. साधारणपणे तुकड्यांत 3 मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर पडलं किंवा सांध्याच्या बाजूला 2 मिलिमीटरपेक्षा जास्त पायरी झाली की ऑपरेशनचं बोलतात.

बटाट्याचा प्रयोग

आमच्याकडं नवीन आलेल्या पोराला आम्ही पहिल्या आठवड्यात हे करायला लावतो. तुम्हीही स्वयंपाकघरात करून बघा. मध्यम बटाटा आडवा कापून दोन तुकडे करा. खराट्याच्या दोन काड्या दोन्ही तुकड्यांतून उभ्या, एकमेकींना समांतर घाला. ऑपरेशनमध्ये इथं दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या स्टीलच्या पिना असतात. आता वरून आणि खालून सुतळी अडकवून बटाटा काचेच्या बाटलीच्या कुशीवर ठेवा आणि सुतळीची दोन्ही टोकं खाली ओढा. बाटली म्हणजे मांडीचं हाड, सुतळी म्हणजे दोरी. काय होतं ते नीट बघा. बाटलीला टेकलेल्या बाजूला बटाट्याचे तुकडे मिटलेले राहतात. वरच्या, म्हणजे कातडीकडच्या बाजूला चीर उघडते.

आता दुसरी एक सुतळी गजऱ्यासारखी बटाट्याच्या कडेनं गोल गुंडाळा आणि पहिली पुन्हा ओढा. चीर तरीही उघडते. मग ती दुसरी सुतळी काड्यांच्या टोकांखालून घेऊन वरच्या बाजूवर इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फुली मारून घट्ट पिळा. आता चीर उघडत नाही. दोरी जिथं ताणली जाते तिथंच तार लागते, मागं किंवा कडेला नाही. या पद्धतीला डॉक्टर टेन्शन बँड वायरिंग म्हणतात. पुलाच्या आणि तुळईच्या हिशोबातली ही गोष्ट जर्मन डॉक्टर फ्रीड्रिख पाउवेल्स यांनी हाडांना लावली, आणि 1958 साली स्वित्झर्लंडमध्ये सुरू झालेल्या एओ या सर्जनांच्या गटानं ती जगभर नेली. वाटी तारेनं शिवण्याची खटपट मात्र त्याआधीची आहे. लंडनमध्ये जोसेफ लिस्टर यांनी 1877 साली गुडघा उघडून चांदीच्या तारेनं वाटी जोडली. तेव्हा गुडघा उघडणं म्हणजे पू होऊन पाय जाण्याची भीती. त्यांच्या कार्बोलिक ॲसिडच्या जंतुनाशक पद्धतीनं ते धाडस शक्य झालं.

जुन्या पुस्तकांत लिहिलेलं असतं की गुडघा वाकला की ही तार पुढच्या ओढीचं मागच्या दाबात रूपांतर करते. ऐकायला गोड वाटतं. प्रयोगशाळेत मोजून बघितल्यावर गोष्ट इतकी सरळ निघालेली नाही. ऑपरेशनच्या टेबलावर तार पिळतानाच जो दाब बसतो, त्यावर पुष्कळ अवलंबून असतं. आम्हाला वाटतं, घरच्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की गुडघा वाकवला म्हणून वाटी आपोआप घट्ट होत जाते, असं समजू नये.

तार किती पेलते

तुमचा एक्स-रे आमच्याकडच्या ट्यूबलाइटसमोर धरला की दोन उभ्या पांढऱ्या रेघा, वर त्यांना हुकासारखं वळण, आणि समोर सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या तारेचा आठ, बाजूला पिळाची छोटी गाठ, एवढं दिसतं. बघताना लोखंडी पकडीसारखं वाटतं. पण 1997 साली अमेरिकेत प्रयोगशाळेत, देहदानातल्या गुडघ्यांवर, तीन पद्धती ओढून तपासल्या गेल्या. पिना आणि तार सरासरी 395 न्यूटन ओढीला हरली, म्हणजे साधारण 40 किलो. नुसते दोन स्क्रू 554 ला. पोकळ स्क्रूमधून तार घातलेली जोडणी 732 न्यूटनपर्यंत टिकली. म्हणून आता पुष्कळ डॉक्टर जमेल तिथं स्क्रू वापरतात. फार चुरा असेल, हाड ठिसूळ असेल तर जाळीदार प्लेट किंवा न विरघळणारा जाड धागाही वापरतात. कुठली पद्धत कुणाला, ते वाटी किती तुकड्यांत आहे आणि हाड किती दमदार आहे त्यावर. शेजारच्याला स्क्रू घातले आणि आपल्याला पिना, म्हणून भांडायला जाऊ नका.

आता दुसरी बाजू बघा. साधं चालताना वाटीवर पडणारा दाब शरीराच्या वजनाच्या निम्मा असतो. जिना चढता-उतरताना तो तिपटीच्या वर जातो. उकिडवं बसून उठताना सात ते आठपट. 60 किलोच्या माणसाला उकिडवं बसणं म्हणजे त्या एका वाटीवर 50 किलोची आठ-नऊ पोती. निरोगी वाटी ते रोज पेलते आणि आपल्याला कळतही नाही. पिनांवर भरवसा ठेवून देशी संडासात बसलात तर तिथं मुख्य अडचण बसण्याची नाही, उठण्याची आहे.

शिवाय एक गोष्ट बांधकामावरच्या सेंटरिंगवाल्याला विचारा. सळ्या बांधायची बाइंडिंग तार कितीही घट्ट पिळलेली असो, एकाच जागी आठ-दहा वेळा वाकवली की तुटते. एकदा जोर लावून ती तुटली नसती. वाटीतली तारही तशीच थोडी थोडी दमते. हाड जुळायला साधारण 6 ते 12 आठवडे लागतात. म्हणजे तोवर तार दमायच्या आत हाड जुळलं पाहिजे, अशी ही शर्यत आहे. तार वाटीच्या वरच्या-खालच्या टोकाला हाडाला चिकटून नसेल, मधे स्नायूचा मऊ भाग अडकला असेल, तर ती त्यातून कापत जाते, सैल पडते आणि फट पुन्हा उघडते. हे डॉक्टरांच्या हातातलं. वाकवण्याच्या फेऱ्या मोजून देणं तुमच्या हातातलं.

आता ब्रेसकडं या

सरळ उभं राहिलं की शरीराचं वजन गुडघ्याच्या किंचित पुढून जातं. मांडीच्या स्नायूला फारसं ओढावंच लागत नाही, दोरी ढिली असते, वाटी खाचेत दाबली जात नाही. म्हणून ब्रेस सरळ लॉक करून, वॉकर घेऊन, पुष्कळ पेशंट लवकर उभे राहतात. घरच्यांना भीती वाटते की पाय टेकला म्हणजे तार तुटली. तसं नाही. टेकण्यापेक्षा वाकलेल्या गुडघ्यावर जोर देणं वाईट. ब्रेस तेवढंच अडवतो. तो तारेला धरत नाही, तुम्हाला धरतो.

हाडाच्या डॉक्टरांनी ब्रेसचा डायल 30 वर ठेवायला सांगितला म्हणजे गुडघा 30 अंशांपेक्षा जास्त वाकू द्यायचा नाही. त्यांच्या सांगण्याशिवाय तो पुढं सरकवू नका, कुणी कितीही म्हणालं की त्यांच्या भावाला आठवड्यात 90 दिले होते. कॉटच्या कडेला बसून पाय पुढं फेकायचा व्यायाम, त्यातही घोट्याला वजन बांधून, हा सुरुवातीला सर्वांत घातकी. पाय सरळ करतानाच्या शेवटच्या 15 अंशांत स्नायूला सुमारे 60 टक्के जास्त ताकद लावावी लागते. झोपून मांडी आवळून धरणं आणि डॉक्टरांनी सांगितल्यावर सरळ पाय उचलणं, हे वेगळं. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी.

लवचिक कापडाची नी कॅप आमच्याकडं स्वस्त मिळते, म्हणून लोक तीच मागतात. तिचा इथं काही उपयोग नाही. ती उबेसाठी आहे, गुडघा वाकायचा थांबत नाही. आम्ही ती या पेशंटला देत नाही, तुम्ही रागावलात तरी.

मांडी वरून जाड, खाली निमुळती, म्हणून ब्रेस खाली सरकतोच. उठून दोन पावलं टाकली की पुन्हा वर ओढून घ्या. बिजागरी गुडघ्याच्या मधोमध आली पाहिजे, वाटीसमोरची खिडकी वाटीवर. हे आम्ही एकदा चुकलो आहोत. फोनवर उंची ऐकून एका गृहस्थांना ब्रेस पाठवला होता. तो एक साइज मोठा निघाला आणि नडगीपर्यंत घसरला. चार दिवस ते वाकलेल्या गुडघ्यानं घरात फिरत होते, आणि ते डॉक्टरांच्या नव्हे, त्यांच्या नातीच्या लक्षात आलं. "आजोबा, हे गुडघ्यावर कुठंय?" तार सरकली नव्हती, हे नशीब. तेव्हापासून टेपनं मांडी मोजल्याशिवाय आम्ही ब्रेस देत नाही. माप तुम्हीही घरी घेऊ शकता: वाटीच्या वरच्या कडेपासून एक वीत वर, टेप घट्ट न ओढता. पेशंट उभा राहू शकत नसेल तर आडवा असतानाचंच घ्या, आम्ही त्यावरून बघतो.

पिनांची टोकं कातडीखाली टोचत असतील, बाहेर हाताला लागत असतील, तर दुर्लक्ष करू नका. हाड जुळल्यावर त्या पुष्कळ वेळा काढतात, ते ऑपरेशन लहान असतं. पोटरीला एकाएकी सूज आणि दुखणं, दम लागणं, ताप, जखमेतून पाणी, किंवा "कट्‌" आवाज होऊन पाय उचलता न येणं, यातलं काहीही झालं तर दुकानात नको, थेट हॉस्पिटलात.

येताना डिस्चार्ज कार्ड आणि एक्स-रे आणा. ब्रेसचं कापड रात्री कोमट पाण्यात साबण घालून हातानं धुवा, पंख्याखाली वाळवा, उन्हात नको, वेल्क्रो कडक होतो. पट्ट्यांतले ॲल्युमिनियमचे पत्रे धुण्याआधी काढून ठेवायला विसरू नका, आणि कुठला पत्रा कुठल्या खिशात होता ते पेननं लिहून ठेवा.